पहिल्या पायरीचा हिशेब

हिंगोली जिल्ह्यात काय किंवा इतरत्र काय, नव्या घरात जिन्याचा स्लॅब आधी पडतो, फरशी नंतर येते. घोळ तिथेच होतो.

समजा, कच्च्या पायऱ्या सगळ्या 6 इंचांच्या. हॉलमध्ये माल आणि टाइल मिळून अडीच इंच चढतात, पायऱ्यांवर ग्रॅनाइटसह दीडच. मग तळाची पायरी 5 इंचांची उरते आणि वरच्या मजल्यावरही अडीच इंचांचाच थर बसला, तर शेवटची 7 इंचांची होते. पाय मधल्या उंचीला सरावलेला असतो. ठेच नेमकी या दोन ठिकाणी लागते.

इथल्या काळ्या मातीचा त्रास वेगळा. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. जोत्यातला मुरूम पाणी मारून नीट धुम्मस केलेला नसेल, तर फरशी खचते. पायावर उभा जिना मात्र जागचा हलत नाही. सांध्यातली टाइल तडकते. तिथे सिमेंट न भरता बारीक फट ठेवून लवचिक सीलंट भरलेले बरे.

जिन्याचे सेंट्रिंग लागण्याआधीच मिस्त्रींना फरशीची जाडी सांगा.