निळ्या प्रकाशाच्या हुकमात कॅल्शियम

टोरोंटोत कॉलेज स्ट्रीट आणि युनिव्हर्सिटी अव्हेन्यू यांच्या चौकाभोवती रुग्णालये आणि प्रयोगशाळा एकमेकींना खेटून उभ्या आहेत. १९२१-२२ मध्ये इन्सुलिन याच परिसरात हाती लागले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण याच परिसराने कॅल्शियमचे कोडे उलगडण्यासाठी पन्नासएक वर्षे खर्ची घातली, ही गोष्ट जीवरसायनाच्या वर्तुळाबाहेर फारशी गेलेली नाही. त्या परंपरेतून २०११ मध्ये टोरोंटो विद्यापीठात एक कृत्रिम प्रथिन घडवले गेले. त्याचे नाव लोव्ह-एस-वन-के. निळा प्रकाश पडला की ते पेशीत कॅल्शियम आणते आणि अंधार झाला की थांबते.

याचे महत्त्व कळायला पेशीतला हिशेब पाहावा लागतो. पेशीबाहेरच्या द्रवात मुक्त कॅल्शियम साधारण एक ते दोन मिलिमोलर असते. आत, पेशी शांत असताना, ते शंभर नॅनोमोलरच्या आसपास. म्हणजे दहा हजार पटींहून जास्त फरक! हा फरक टिकवण्यासाठी पेशी सतत ऊर्जा खर्चते, कारण आतली पातळी जरा वाढली तरी कामाला सुरुवात होते. स्नायू आखडतो, चेतापेशी आपले रसायन सोडते, फलित अंड्याची वाढ सुरू होते. एकाच आयनाचे इतके वेगवेगळे अर्थ कसे लागतात? ते कॅल्शियम कुठे वाढले, किती वेळ टिकले आणि किती वेळा परत आले, यावर ते ठरते. हे तपासायचे तर संशोधकाला मनाला येईल त्या जागी, त्या क्षणी पातळी बदलता आली पाहिजे. पिपेटने द्रावण सोडून ते साधत नाही. त्याला वेळ लागतो आणि ते सगळीकडे पसरते.

म्हणून प्रकाश. आणि सुरुवात झाली ती आपल्या बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत रोज दिसणाऱ्या रसायनापासून. बोअरच्या पाण्याचा कठीणपणा मोजताना आपण ब्युरेटमधून ईडीटीए सोडतो. एरिओक्रोम ब्लॅक टी घातलेले लालसर द्रावण शेवटच्या थेंबाला निळे होते, कारण ईडीटीएने कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही धरून ठेवलेले असतात. ही पकड प्रकाशाने तोडता आली तर? १९८६ मध्ये रॉजर त्सिएन आणि रॉबर्ट झुकर यांनी नायट्रोबेन्झिल गट जोडलेले असे कॅल्शियम धरणारे रेणू वापरून दाखवले. १९८८ मध्ये जॅक कॅप्लान आणि ग्रॅहम एलिस-डेव्हिस यांनी थेट ईडीटीएच्याच सांगाड्यावर डीएम-नायट्रोफेन बनवले. अंधारात त्याची विघटन-संख्या (ही जितकी कमी तितकी पकड घट्ट) सुमारे पाच नॅनोमोलर. अतिनील प्रकाशाच्या झोताने रेणू मधोमध तुटला की तीच संख्या तीन मिलिमोलरवर जाते आणि कॅल्शियम द्रावणात मोकळे होते, तेही एका मिलिसेकंदाच्या आत. रसायनशास्त्रज्ञ याला पिंजऱ्यातले कॅल्शियम म्हणतात. १९८९ च्या डायझो-२ ची रीत नेमकी उलटी. प्रकाश पडला की त्याची पकड वाढते आणि ते द्रावणातले कॅल्शियम शोषून घेते.

या रेणूंनी मोठी कामे केली. केरी डिलेनी यांनी झुकर यांच्यासोबत १९९० मध्ये स्क्विडच्या महाकाय चेतासंधीत डीएम-नायट्रोफेन भरून प्रकाश टाकला आणि सुटलेल्या कॅल्शियममुळे चेतारसायन बाहेर पडते हे दाखवले. डिलेनी पुढे कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हिक्टोरिया विद्यापीठात प्राध्यापक होते. उणिवाही होत्या. डीएम-नायट्रोफेन पेशीतले मॅग्नेशियमही पकडते. ती अडचण १९९४ मध्ये, मॅग्नेशियमपेक्षा कॅल्शियमला निवडून धरणाऱ्या ईजीटीएवर बेतलेल्या एनपी-ईजीटीएने बरीच दूर केली. पण तुटलेला रेणू पुन्हा जुळत नाही, अतिनील किरण पेशीला अपाय करतात आणि रसायन प्रत्येक वेळी बाहेरून भरावे लागते.

टोरोंटोचे योगदान इथे कामी आले. डेव्हिड मॅक्लेनन यांनी १९७० मध्ये स्नायूपेशीतला कॅल्शियम पंप शुद्ध रूपात वेगळा केला, १९८५ मध्ये त्याचे जनुक शोधले. मित्सुहिको इकुरा यांनी कॅल्मोड्युलिन हे कॅल्शियम ओळखणारे प्रथिन आपल्या लक्ष्य-पेप्टाइडला कसे कवटाळते, हे १९९२ मध्ये सहकाऱ्यांसह उलगडले आणि पुढे टोरोंटोतल्या ऑन्टारियो कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये प्रयोगशाळा उभी केली. २००८ मध्ये त्यांच्या गटाने स्टिम-१ या प्रथिनाच्या कॅल्शियम जोखणाऱ्या भागाची रचना मांडली. पेशीतल्या कप्प्यात साठवलेले कॅल्शियम घटले की स्टिम-१ हे बाह्यपटलावरच्या ओराय-१ वाहिनीला उघडते आणि बाहेरचे कॅल्शियम आत येते.

इकुरा यांच्यासोबत काम केलेले केव्हिन ट्रुऑंग यांनी टोरोंटो विद्यापीठात पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या गटाने ओराय-१ ला उघडणारा स्टिम-१ चा तुकडा घेतला आणि ओटच्या रोपातला, प्रकाश ओळखणारा लोव्ह-२ हा भाग त्याला जोडला. ओटचे रोप याच भागाच्या आधारे उजेडाकडे वळते. निळा प्रकाश पडताच त्यातला फ्लेविन रेणू शेजारच्या सिस्टीनशी बंध जोडतो, चिकटून बसलेली एक सर्पिल साखळी सुटते आणि झाकलेला तुकडा मोकळा होतो. तीनशे मिलिसेकंदांचा निळा झोत पुरतो. काही सेकंदांत प्रथिन पटलाकडे सरकते, तिथेच कॅल्शियमची स्थानिक पातळी वाढते आणि थोड्या वेळाने प्रथिन पेशीद्रवात परतते. पुन्हा पुन्हा प्रकाश टाकला तर साऱ्या पेशीभर कॅल्शियम चढते. ओराय-१ एरवी पेशीभरच्या बदलाशी जोडले जाई, पण ते एखाद्या कोपऱ्यापुरतेही कॅल्शियम आणू शकते, हे या प्रयोगातून दिसले. मला या कामातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो, कारण इथे साधन घडवताना निसर्गाबद्दलही एक नवी गोष्ट हाती लागली.

आता एक व्यवहारी पेच. कॅल्शियम वाढले हे बघायचे कसे? हिरवे चमकणारे बहुतेक सूचक निळ्या प्रकाशानेच चेतवावे लागतात, म्हणजे बघायला जावे तर वाहिनीच उघडते! यावर उत्तर एडमंटनहून आले. अल्बर्टा विद्यापीठात रॉबर्ट कॅम्पबेल यांच्या गटाने २०११ मध्येच निळे, हिरवे आणि लाल असे जनुकीय कॅल्शियम सूचक प्रसिद्ध केले. लाल सूचक पिवळसर-हिरव्या प्रकाशाने चेततो, त्यामुळे लोव्ह-२ ला न छेडता मोजणी करता येते.

पुढे २०१५ मध्ये कोरिया, अमेरिका आणि जपानमधल्या गटांनी स्टिम-१ चाच तुकडा प्रकाशाला जोडून अधिक ताकदीची साधने बनवली. कोरियन गटाने उंदरांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात कॅल्शियम वाढवून त्यांची स्मृती बळकट झाल्याचे नोंदवले. तरीही यावरून उपचारांची आश्वासने देणे मला पटत नाही. निळा प्रकाश ऊतीत फार खोल जात नाही आणि बाहेरचे जनुक रुग्णाच्या पेशीत घालणे ही अजून मोठी जबाबदारीची बाब आहे. आज ही साधने प्रयोगशाळेची आहेत आणि तिथे त्यांचे मोल मोठे आहे. आपल्याकडच्या रसायन व जीवशास्त्राच्या शिक्षकांना माझी विनंती आहे, ईडीटीएचा प्रयोग घेताना हा पुढचा भागही मुलांना सांगा. त्यासाठी लागणारी सगळी पूर्वतयारी त्या अभ्यासक्रमात आधीच आहे.