वजन उतरवायचे तर आधी भाताचा ढीग पाहा

लठ्ठपणा हा बंगल्यातल्या माणसांचा रोग, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. वस्तीत एक फेरी मारली तरी ती खोटी ठरते. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे पुढे आलेले, असे चाळिशीचे गडी कितीतरी दिसतात. हे चैनीचे पोट नव्हे.

आपले दिवसाचे खाणे आठवून पाहा. सकाळी चहा-बटर, मग पोहे, डब्यात चार पोळ्या नि बटाट्याची भाजी, संध्याकाळी चहा-खारी आणि रात्री भाताच्या ढिगावर पातळ वरण. नावे वेगळी, पण माल एकच : पिष्टमय पदार्थ. शंभर ग्रॅम तांदळात सुमारे ७८ ग्रॅम पिष्ट, प्रथिने जेमतेम ७ ग्रॅम. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना रेशनवर माणशी महिना ५ किलो धान्य मिळते, ते बहुतेक गहू-तांदूळच. त्याने चूल पेटती राहिली, हे मोठेच काम झाले. पण स्वस्त तेच जास्त खाल्ले जाते आणि डाळ, अंडी, भाजी मागे पडते.

पिष्टाची रक्तात साखर होते. शरीराने खर्च केली तर ठीक, उरली की चरबी होऊन साठते. पिष्ट कमी करून प्रथिने वाढवली की पोट जास्त वेळ भरलेले राहते, मधली खा-खा थांबते. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून हुरळू नका, त्यात बरेचसे पाणीच असते. यात जादूही नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांचे दोन गट करून वर्षभर पाहिले. एका गटाने पिष्ट कमी केले, दुसऱ्याने तेलतूप. २०१८ साली निकाल आला : पहिल्याचे वजन सरासरी ६ किलो उतरले, दुसऱ्याचे ५.३. म्हणजे फरक नाहीच. मग आपण पिष्टच का कमी करावे? कारण ताटात जास्त तेच आहे. तूप कुणाच्या घरी वाटीने वाहते?

सुरुवात चहापासून करावी. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम. एका माणसाची महिन्याची १ किलो २०० ग्रॅम! पोळी सोडून भाकरी धरली की काम झाले, असे अनेकांना वाटते. भाकरी चांगलीच, पण तिच्यातही पिष्ट भरपूर, तेव्हा तीही मोजूनच. चाराच्या दोन केल्यावर रिकाम्या जागी मोडाची मटकी, पालेभाजी, अंडे, जमेल तेव्हा मासळी यावी. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने, पिष्ट जवळजवळ नाहीच. सुकटही उत्तम, मात्र रक्तदाब असेल तर तिच्यातले मीठ सांभाळा.

आपल्या माता-भगिनींचे काय? त्या शेवटी जेवतात. तोवर भाजीचा रस्सा उरतो आणि पातेल्याच्या तळचा भात. वजनही त्यांचेच वाढते आणि अशक्तपणाही त्यांनाच. अंडी आणली तर त्यांचे अंडे आधी बाजूला काढावे.

हमाली किंवा गवंडीकाम करणाऱ्याची भाकरी तोडू नये, वाढत्या मुलांची आणि गरोदर बाईचीही नाही. मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भात-पोळी घटवू नका. साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनीही प्रथिने आपल्या मनाने वाढवू नयेत.