हिवाळ्याची लांब रात्र व शेतकऱ्याचे शिक्षण

मार्गशीर्ष सरत आला की परभणी जिल्ह्यातील गंगाखेड तालुक्यात, बालाघाटच्या डोंगररांगांच्या परिसरात वसलेल्या राणीसावरगावच्या शिवाराला एक प्रकारची स्थिरता येते. सोयाबीनची रास केव्हाच घरी आलेली असते. तुरीच्या शेंगा वाळणीस लागतात, हरभरा घाटे धरू लागतो, रब्बी ज्वारी निसवते आणि कपाशीची अखेरची वेचणी तेवढी उरते. पेरणीची घाई मागे पडलेली असते व उन्हाळी मशागत अद्याप दूर असते. काम संपलेले नसते. परंतु कामाचा रेटा ओसरलेला असतो. डिसेंबरच्या २१-२२ तारखेस येथील रात्र जवळजवळ १३ तासांची होते. दिवेलागणीनंतर शेकोटी पेटते, माणसे भोवती बसतात आणि पावसाच्या, भावाच्या व कर्जाच्या गोष्टी निघतात.

ह्या गोष्टींतून मन हलके होते, हे खरे. पण त्या नुसत्याच बोलल्या गेल्या तर शेकोटीच्या राखेबरोबर सकाळी झाडल्याही जातात. हिवाळ्याची ही निवांत वेळ शेतकऱ्याने आणखी एका कामासाठी वापरावी, असे सुचवावेसे वाटते. ते काम म्हणजे सरलेल्या हंगामाचा मनाशी हिशेब मांडणे व पुढील मृगापर्यंत आपण कोणती एक गोष्ट शिकणार हे ठरविणे.

ह्याची निकड एका साध्या हिशेबाने ध्यानात येईल. विणकर दिवसातून शेकडो वेळा धोटा फेकतो. एका फेकीत चूक झाली तर पुढच्या फेकीत ती सुधारता येते. शेतकऱ्याला खरिपाची पेरणी वर्षातून एकदाच करावयास मिळते. जो मनुष्य चाळीस वर्षे शेती करतो, त्याच्या वाट्याला चाळीसच खरीप येतात. एका हंगामाची चूक पुढच्या हंगामात तशीच राहिली, तर दोन वर्षे गेली असे समजावे. कोरडवाहू जमिनीच्या लहान खातेदाराला हे परवडण्यासारखे नाही.

हिशेब मांडताना प्रथम एक विभागणी करावी. नुकसानीपैकी आभाळाचे किती व आपल्या न जाणण्याचे किती? पावसाचा खंड पडला, अवकाळी पाऊस आला, भाव कोसळला, ह्या गोष्टी शेतकऱ्याच्या हातच्या नव्हेत. त्यांबद्दल स्वतःला दोष देत बसणे व्यर्थ होय. परंतु सर्वच दोष आभाळावर टाकला, तर शिकण्यासारखे काही उरतच नाही. दोन उदाहरणांवरून हे अधिक स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण कपाशीचे. देशात बी.टी. कपाशीस २००२ साली परवानगी मिळाली व बोंडअळीची चिंता मिटली असे पुष्कळांना वाटले. पुढे गुलाबी बोंडअळी त्या वाणांना दाद देईनाशी झाली आणि २०१७ साली मराठवाडा व विदर्भातील कपाशीचे अतोनात नुकसान झाले. ह्या किडीचा स्वभाव मोठा बोधप्रद आहे. थंडीच्या दिवसांत तिची अळी उरलेल्या बोंडांत व सरकीत सुप्तावस्थेत पडून राहते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन बाहेर पडते. म्हणजे ज्या महिन्यांत शेतकरी निवांत असतो, त्याच महिन्यांत त्याचा शत्रूही बांधावर रचलेल्या पऱ्हाटीत निवांत असतो. थोड्या कापसाच्या आशेने पाणी देऊन फरदड घेतली, तर अळीच्या मुक्कामाची व अन्नाची सोय आपणच करून देतो. डिसेंबरअखेर, फार तर जानेवारीत, पीक संपवावे. शेतात शेळ्या-मेंढ्या सोडून उरलेली बोंडे चारावीत. पऱ्हाटी बांधावर साठवू नये, हा उपाय महाग नाही. किडीचे जीवनचक्र ज्याला कळले, त्याला तो पटतो. मात्र एकट्याने शेत मोकळे करून भागत नाही. शेजारच्या शेतातील पतंगाला बांध आडवा येत नाही. म्हणून ही गोष्ट गावाने मिळून शिकावयाची आहे.

दुसरे उदाहरण सोयाबीनचे. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात अनेक ठिकाणी पेरलेले सोयाबीन उगवले नाही व दुबार पेरणीची पाळी आली. पिशवीवरच्या चिठ्ठीवर विसंबून राहिलेल्याच्या हाती तक्रार करण्यापलीकडे फारसे काही उरले नाही. सोयाबीनच्या दाण्याचे कवच पातळ असते. मळणीयंत्राच्या मारामुळे, पोत्यांच्या उंच थप्पीमुळे व उन्हाळ्याच्या उष्णतेमुळे त्याची उगवणशक्ती लवकर घटते. ती घरी तपासण्याची रीत अशी : रास न निवडता सरसकट शंभर दाणे मोजून घ्यावेत. ओल्या गोणपाटावर ते दहा-दहांच्या ओळींत अंतर ठेवून मांडावेत. वर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी व ती सावलीत ठेवून ओलसर राखावी. सहा-सात दिवसांनी उघडून निकोप कोंब मोजावेत. असे तीन नमुने घेऊन सरासरी काढावी. शंभरांत सत्तर वा अधिक दाणे उगवले, तर बियाणे पेरण्याजोगे समजावे. थोडे कमी उगवले, तर त्या मानाने बियाण्याचे प्रमाण वाढवावे. हा प्रयोग हिवाळ्यात एकदा करून हात बसवावा व पेरणीपूर्वी पुन्हा करावा; कारण दाणा उन्हाळ्यातून गेल्यावरच त्याची खरी परीक्षा होते.

इच्छा व शिकण्याचा संकल्प ह्यांतील भेदही येथे ध्यानात घेतला पाहिजे. ‘पुढच्या वर्षी उत्पन्न वाढवीन’ ही इच्छा झाली. तिची पूर्तता पावसावरही अवलंबून असते. ‘मृगापूर्वी बियाण्याची उगवण स्वतः तपासावयास शिकेन’ हा संकल्प झाला; त्याच्या आड आभाळ येत नाही. संकल्प एकच असावा. पाच गोष्टी एकदम धरणाऱ्याच्या हातून बहुधा पाचही सुटतात. तो घरच्या वहीत तारखेसह लिहावा आणि खाली तीन ओळी लिहाव्यात : काय शिकावयाचे, कोणास विचारावयाचे व शिकलो हे कशावरून कळेल. ज्याला लिहिता येत नाही, त्याने शाळेत जाणाऱ्या मुलाकडून लिहवून घ्यावे. मुलालाही त्यायोगे घरच्या शेतीचा परिचय घडेल.

विचारण्यासाठी ठिकाणेही आहेत. परभणीस १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. १८ मे ह्या वर्धापनदिनी तेथे खरीप मेळावा भरविण्याचा प्रघात आहे. मेळाव्यास जाणारे पुष्कळ असतात. मनात नेमका प्रश्न घेऊन जाणारे थोडे असतात. ज्याने हिवाळ्यात प्रश्न ठरविला, त्याची ती खेप वाया जात नाही. घरबसल्या विचारावयाचे असल्यास किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ ह्या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून माहिती मिळते.

प्रौढ वयात शिकणे महाराष्ट्राच्या खेड्यांना नवे नाही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व पुढे ती राज्याच्या इतर जिल्ह्यांतही पसरली. १४ ते ५० वर्षे वयाच्या निरक्षर स्त्री-पुरुषांना साक्षर करण्याचा भार गावानेच उचलावा, ही तिची कल्पना होती. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. मोहिमेचा अनुभव दुहेरी आहे. मोठ्या माणसांना शिकता येते, हे तिने सिद्ध केले. आणि सराव सुटला की शिकलेले अक्षरही पुसले जाते, हेही दिसून आले. म्हणून जे शिकावयाचे ते चारचौघांत बोलून दाखवावे व शिकल्यावर लगेच वापरात आणावे. राणीसावरगावास रेणुकामातेचे मंदिर आहे. गावोगावी असे एखादे स्थान असतेच. तेथे जमून प्रत्येकाने आपला संकल्प सांगितला, तर शब्द पाळण्यास गावाची साक्ष राहील.

ह्यात स्त्रियांना वगळून चालणार नाही. बियाणे निवडणे, वाळविणे व जपून ठेवणे ही कामे बहुतेक घरांत त्यांच्याच हातची असतात; मग उगवणीची चाचणी त्यांनी का शिकू नये? गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. नामदेवांच्या घरची दळण-कांडणाची कामे करीत असतानाच त्यांची अभंगरचना झाली. कष्टाच्या जोडीने बुद्धीही चालते, ह्याचा दाखला ह्या तालुक्याला दूर शोधावा लागत नाही.

ग्रामकार्यकर्त्याने ह्या दिवसांत शेकोटीजवळ जाऊन बसावे. पण व्याख्यान देऊ नये. ‘यंदा काय चुकले?’ असे विचारून ऐकत राहावे. प्रथम स्वतःचे काय चुकले ते सांगितले, तर इतरांची जीभ लवकर मोकळी होईल. कोणता सल्ला आपण उशिरा दिला, कोणत्या वस्तीवर वर्षभरात गेलोच नाही, ह्याचा हिशेब त्यानेही आपल्या दैनंदिनीत मांडावा. पुढील सालासाठी त्याचाही एक संकल्प असावा.

पौष संपून माघ लागला की रात्री लहान होऊ लागतात. ज्वारी काढणीस येते व माणसाला पुन्हा वेळ राहत नाही. अळीची झोप पहिल्या पावसाबरोबर मोडते. त्यापूर्वी वहीतील ती एक ओळ लिहिली गेली असेल, गोणपाटावरचे शंभर दाणे स्वतःच्या बोटांनी मोजले गेले असतील व बांधावरची पऱ्हाटी हलली असेल, तर येणारा खरीप मागील सालाची पुनरावृत्ती ठरणार नाही.