शिसे : धोका मुलांनाच जास्त का?

आपल्या पाठ्यपुस्तकांत इन्व्हर्टरच्या बॅटरीचे रीसायकलिंग एका ओळीत उरकते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून शिसे वितळवतात. त्याची धूळ आसपासच्या मातीत मिसळते, कामगाराच्या कपड्यांवरून घरातही येते. रांगणारे मूल तेच हात तोंडात घालते. गिळलेले शिसे मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या तुलनेत ४ ते ५ पटींपर्यंत शोषले जाते. त्यातून आहारात लोह, कॅल्शियम कमी असेल तर शोषण आणखी वाढते. म्हणजे कुपोषित मुलाला दुहेरी फटका. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम आहे, पण ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. जुन्या भिंतींचे पोपडे त्याआधीचे असू शकतात. सुरुवातीला लक्षणे बहुधा दिसत नाहीत, म्हणून रक्ततपासणीच करावी लागते. प्रमाण ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक आल्यास शिशाचा स्रोत शोधून तो बंद करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.