माहुलची ज्वाळा

चेंबूरच्या पलीकडे, माहुलला दोन रिफायनऱ्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. चिमणीवरची ज्वाळा पाहून ‘केवढा गॅस फुकट जाळतात!’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. खरे तर ती सुरक्षेची वाट. वीज गेली, आत कुठे दाब वाढला, की वायू तिकडे वळवून जाळून टाकतात. काळा धूर होऊ नये म्हणून ज्वाळेत वाफही सोडतात.

पहिली रिफायनरी स्टॅनव्हॅकची, 1954ची. पुढे ती एस्सोची झाली. दुसरी बर्मा-शेलची, 1955ची. एस्सो 1974 मध्ये, तर बर्मा-शेल 1976 मध्ये सरकारने ताब्यात घेतली. भट्ट्या त्याच राहिल्या, पाट्या बदलल्या: हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम. जागा निवडली ती बंदर पाहून. टँकर जवाहर द्वीपाला लागतो आणि तेल समुद्राखालच्या नळांतून किनाऱ्यावर येते. परदेशी तेलासाठी मांडलेल्या या कारखान्यांना 1974 साली घरचेच तेल सापडले, बॉम्बे हायचे!

आलेले तेल थेट भट्टीत जात नाही. त्यात मीठ असते, ते आधी धुवावे लागते. नाहीतर नळ आतून कुरतडले जातात. मग साधारण साडेतीनशे अंशांपर्यंत तापवून ते उंच स्तंभात सोडतात. वाफ वर चढते, थंड होते आणि ज्या उंचीवर जे द्रवरूप होते ते तिथून काढून घेतात: वर गॅस आणि नॅफ्था, मध्ये रॉकेल, त्याखाली डिझेल. तळाचा दाट गाळ आणखी तापवावा तर त्याचा कोक होऊन भट्टीच्या नळ्याच तुंबतील. म्हणून तो निर्वात स्तंभात नेतात. तिथे दाब कमी, त्यामुळे कमी उष्णतेतही वाफ होते. शेवटी उरते त्याचे डांबर होते. एवढ्यावर भागत नाही. एप्रिल 2020 पासून पेट्रोल-डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत दहा भागांपेक्षा जास्त चालत नाही, ते काढण्याची वेगळी यंत्रणा लागते.

कारखान्याचे कौतुक करताना कुंपणाबाहेरही पाहायला हवे. माहुल हे मुळात कोळ्यांचे गाव. पुढे शहर वाढत वाढत भिंतीला टेकले आणि तानसा जलवाहिनीलगतची घरे तोडून तिथल्या कुटुंबांनाही इथेच आणले. 8 ऑगस्ट 2018 रोजी भारत पेट्रोलियमच्या हायड्रोक्रॅकरमध्ये, म्हणजे जड तेल फोडून हलके करणाऱ्या यंत्रणेत, स्फोट झाला. पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयाने बजावले, की इथे राहायची सक्ती कुणावर करता येणार नाही. चूक यंत्राची कमी, नगररचनेची जास्त, असे माझे मत.

नाणार-बारसूच्या रिफायनरी प्रकल्पाबद्दल बाजूने किंवा विरोधात बोलण्याआधी एकदा माहुलला जाऊन या. भिंत आणि पहिले घर यांतले अंतर तेवढे डोळ्यांनी मोजा.