धन्वंतरीच्या नांवावरील गोस्तनदेवीचा उतारा

देवीच्या रोगाचें निवारण करण्यासाठीं गाईच्या सडावरील फोडांतील लस माणसाच्या दंडावर टोचण्याची युक्ति प्राचीन भारतीय वैद्यांस अवगत होती आणि ती धन्वंतरीच्या ग्रंथांत स्पष्ट शब्दांनीं सांगितलेली आहे, असें विधान गेल्या दोनशें वर्षांत अनेक वेळां छापलें गेलें आहे. ज्या उताऱ्याच्या आधारावर हें विधान उभें आहे, त्याचा उगम कोठें व कां झाला, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. बनावट कागद बहुधा वतनासाठीं, मानपानासाठीं अथवा पैशासाठीं तयार होतात, हें संग्राहकांस सांगावयास नकोच. परंतु येथें बनावट करणारांचा हेतु निराळा होता. आपलीं मुलें डॉक्टरांच्या हातीं देण्यास नाकारणाऱ्या आईबापांचें मन वळविणें, हा तो हेतु होय.

प्रथम पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. एडवर्ड जेन्नर या इंग्रज वैद्यानें १४ मे १७९६ रोजीं एका मुलाच्या हातावर गोस्तनदेवीची लस टोचली व १७९८ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ही लस व्हिएन्ना, बगदाद व बसरा या मार्गानें मुंबईस येऊन पोंचली. १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस मुंबईंत ती टोचण्यांत आली व तिला उत्तम फोड आला. हिंदुस्थानांत यशस्वी झालेली ही पहिली टोचणी होय. तिच्या हातावरील फोडांतील लस दुसऱ्या मुलांस, त्यांच्यापासून आणखी दुसऱ्यांस, अशा रीतीनें मुलांच्या हातांवरून ती इतर शहरीं गेली. आजहि आपण जो 'लस' शब्द सर्रास वापरतों, त्याचा मूळ अर्थ फोडांतून किंवा जखमेंतून स्रवणारें पाणी असा आहे. या जुन्या पद्धतीची खूण त्या शब्दांत राहून गेली आहे.

ही पद्धत ध्यानांत घेतल्यावांचून आईबापांचा विरोध नीट समजणार नाहीं. लस जिवंत राखावयाची तर ती एका मुलाच्या दंडांतून दुसऱ्या मुलाच्या दंडांत नेणें भाग होतें. म्हणजे ज्याला टोचलें त्याला सुमारें आठ दिवसांनीं पुनः आणावयाचें, त्याचा फोड फोडावयाचा आणि त्यांतील द्रव परक्या मुलाला द्यावयाचा. तें मूल कोणत्या जातीचें, कोणत्या घरचें, त्याच्या अंगीं कोणता विकार, हें पुष्कळदां आईबापांस कळत नसे. शिवाय देवी हा आपल्याकडे केवळ रोग मानला जात नव्हता. देवी 'येत', देवी 'निघत', त्या घरीं आल्या म्हणजे सोंवळें पाळीत, लिंबाचे टहाळे बांधीत, आणि त्या शांतपणें परत जाव्या म्हणून शीतलेची आराधना करीत. घरीं आलेल्या देवतेस सरकारी माणसानें सुरीनें अडवावें, ही कल्पनाच आईच्या मनास भयंकर वाटे.

तथापि हा सर्व विरोध अज्ञानमूलक होता, असें म्हणणें इतिहासास धरून होणार नाहीं. पहिली गोष्ट अशी कीं, बंगालसारख्या प्रांतांत माणसाच्या देवीचीच लस टोचण्याची जुनी रीत चालू होती. हॉलवेल यानें १७६७ सालीं तिचें सविस्तर वर्णन छापलें आहे. त्या रीतीनें क्वचित् मूल दगावत असे व टोचलेल्या माणसापासून सांथ पसरण्याचें भय असे. परंतु जें मूल वांचे त्याला पुनः देवी येत नसत, हें लोकांनीं पिढ्यान् पिढ्या पाहिलें होतें. उलट नवी लस उन्हाळ्यांत निर्जीव होई, आणि मग टोचलेल्या मुलासहि देवी येत. दुसरी गोष्ट, एकदां टोचलें कीं जन्माची निश्चिंती झाली, असें जेन्नर व त्याचे अनुयायी सांगत. तें खरें ठरलें नाहीं, कांहीं वर्षांनीं पुनः टोचावें लागतें असें पुढें आढळून आलें. तिसरी गोष्ट, दंडावरून दंडावर लस नेतांना उपदंशासारखा रोग दुसऱ्या मुलास जडूं शकतो, हें युरोपांतच उघडकीस आलें. आईबापांची भीति एकंदरींत चुकीच्या निर्णयाकडे नेणारी होती, पण ती सर्वस्वीं निराधार नव्हती.

अशा स्थितींत डॉक्टरांच्या शब्दास वजन येईना, तेव्हां ज्या नांवास वजन आहे तें उसनें घ्यावें, असा विचार कांहीं लोकांच्या मनांत आला. मद्रासचे फ्रान्सिस व्हाइट एलिस हे मोठे भाषापंडित अधिकारी. लोकांचा ग्रह दूर व्हावा या हेतूनें त्यांनीं तमिळ भाषेंत गोस्तनदेवीचें एक आख्यान रचलें. त्यांनीं संस्कृतांतहि या विषयावर छोटें काव्य करून तें जुन्या कागदावर लिहविलें आणि तें सांपडलें असें भासविलें, असें पुढील काळच्या इंग्रजी लेखांत नमूद आहे. उत्तरेकडेहि असाच एक संस्कृत मजकूर बरेलीच्या एका सर्जनाकडून पुढें आला होता. कलकत्त्याचे शूलब्रेड, ज्यांच्याकडे बंगालच्या टोचणीची देखरेख होती, त्यांनीं तो मागाहून घुसडलेला म्हणून फेटाळला. हेतु चांगला असला तरी साधन खोटें होतें, हें त्या काळींहि जाणणारे लोक होते.

याच प्रकारचा सर्वांत प्रसिद्ध उतारा १२ जानेवारी १८१९ च्या 'मद्रास कुरियर' पत्रांत आला. लेखकानें 'कल्वि विरुंबोन', म्हणजे तमिळमध्यें 'विद्येची आवड असणारा', असें टोपणनांव घेतलें होतें. 'शाक्तेय ग्रंथ' नांवाच्या धन्वंतरिकृत ग्रंथांतील म्हणून त्यानें मजकूर दिला, त्याचा आशय असा: गाईच्या सडावरील अथवा माणसाच्या खांदा व कोंपर यांमधील फोडाचा द्रव शस्त्राच्या टोंकावर घ्यावा, दुसऱ्याच्या दंडावर रक्त दिसेपर्यंत टोचावें, द्रव रक्तांत मिसळला म्हणजे देवीचा ज्वर उत्पन्न होतो. एलिस त्याच वर्षीं मार्च महिन्यांत वारले. उतारा मात्र वांचला. तो युरोपांतील वैद्यकीय ग्रंथांत शिरला. आणि १९०५ सालीं गिंडी येथील किंग इन्स्टिट्यूटच्या उद्घाटनप्रसंगीं मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड अँप्टहिल यांनीं कर्नल किंग यांच्या हवाल्यानें तोच आशय प्राचीन भारताचें भूषण म्हणून सांगितला. हरबिलास सारडा यांच्या १९०६ च्या ग्रंथानें तो आणखी दूरवर नेला. एका पिढीनें आईबापांस फसविण्यासाठीं योजिलेला दाखला दुसऱ्या पिढीच्या विद्वानांनीं प्रमाण म्हणून स्वीकारला! १९८७ सालीं डॉमिनिक वुजास्टिक यांनीं या सर्व प्रकरणाची छाननी करून त्याचें खरें स्वरूप उघड केलें.

आतां अंतर्गत पुरावा पाहूं. सुश्रुतांत किंवा माधवनिदानाच्या मसूरिकाप्रकरणांत गाईच्या फोडाचा मागमूस नाहीं. सोळाव्या शतकांतील भावप्रकाशांत शीतलेचें स्तोत्र येतें, पण टोचणी येत नाहीं. इतका मोठा उपाय धन्वंतरीनें सांगितला असता तर एकाहि टीकाकारानें त्याचा उल्लेख करूं नये, हें संभवत नाहीं. दुसरें असें कीं, हॉलवेलच्या वर्णनाप्रमाणें देशी रीतींत पुरुषांस मनगट व कोंपर यांच्या मध्यें टोचीत. उताऱ्यांतील जागा, शस्त्र आणि माणसाच्या दंडावरून लस घेण्याची सूचना हीं सर्व जेन्नरनंतरच्या इंग्रजी पद्धतीचीं आहेत. ज्या ग्रंथांतून उतारा घेतला म्हणतात त्याची स्वतंत्र प्राचीन पोथीहि पुढें आलेली नाहीं. एवढ्यावरून उतारा बनावट ठरविण्यास हरकत नाहीं.

डॉक्टरांवर अविश्वास ठेवणें हा हिंदुस्थानच्याच लोकांचा स्वभाव होता, अशी समजूत कोणी करून घेऊं नये. इंग्लंडांत १८५३ सालीं तान्ह्या मुलांस टोचणें सक्तीचें झालें, आणि तेथील आईबापांनीं दंड भरले, तुरुंगवास सोसला. मार्च १८८५ मध्यें लेस्टर शहरीं कायद्याविरुद्ध प्रचंड मिरवणूक निघाली. शेवटीं १८९८ सालीं मनोदेवतेस न पटल्यास सूट देणारें कलम कायद्यांत घालावें लागलें. त्याच्या थोडें आधीं, १८९५-९६ सालीं, जेथें टोचणी मागें पडली होती त्या ग्लॉस्टरांत देवीची सांथ येऊन चारशेंहून अधिक माणसें मेलीं. इकडे मुंबई शहरासाठीं १८७७ सालीं सक्तीचा कायदा झाला व १८८० सालीं हिंदुस्थान सरकारचा कायदा झाला. सक्तीनें दंडावर व्रण उठविता आला, विश्वास उत्पन्न करतां आला नाहीं. तो विश्वास चांगली लस, डोळ्यांसमोर वांचलेलीं मुलें आणि घरोघर हिंडणारे कामगार यांनीं हळूहळू मिळविला. हिंदुस्थानांतील देवीचा शेवटचा रोगी मे १९७५ मध्यें आढळला. ८ मे १९८० रोजीं जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेनें हा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जाहीर केलें. ज्या रोगानें असंख्य मुलें नेलीं, तो आज केवळ कागदपत्रांत उरला आहे.

परंतु मूळ प्रश्न उरला नाहीं असें नव्हे. २०२२ सालीं मुंबईंत गोंवराची सांथ येऊन मुलें दगावलीं, तेव्हां लस न घेतलेल्या मुलांच्या आईबापांची समजूत घालण्याचें जुनेंच काम पुनः करावें लागलें. त्या कामीं कोणी प्राचीन ग्रंथाचा आधार शोधूं लागला, तर त्यास एवढेंच सांगावेंसें वाटतें कीं, खोटा आधार उघडकीस आला म्हणजे त्याबरोबर खरा उपायहि संशयित होतो. आईबापांस जें खरें आहे तें, त्यांतील उणिवांसह, सांगणें हाच टिकणारा मार्ग होय.

संग्राहकांस आमची विनंति अशी आहे. मसूरिका, शीतला किंवा गोस्तनदेवी यांवरील सुटें पान हातीं आल्यास तें टाकूं नये, आणि प्राचीन म्हणून मिरवूंहि नये. कागद, शाई, अक्षरवळण, पानांचा क्रम आणि मागचा-पुढचा संदर्भ यांची नोंद करून ठेवावी. पान कोठून आलें तेंहि लिहावें. असें पान बनावट ठरलें तरी तें निरुपयोगी नाहीं. धन्वंतरीचा पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य, परंतु इ. स. १८०२ नंतरच्या एका भ्यालेल्या आईचें मन वळविण्यासाठीं कोणी कोणते शब्द योजिले, याचा तो अस्सल पुरावा आहे, आणि त्या दृष्टीनें तो जतन करण्यास सर्वथा योग्य आहे.