अरागोनेस : स्पेनच्या फुटबॉलला वळण देणारा आघाडीवीर

२९ जून २००८ रोजी व्हिएन्नाच्या अर्न्स्ट हाप्पेल स्टेडियममध्ये स्पेनने जर्मनीला १-० असे नमवून युरो करंडक जिंकला, तेव्हा भारतात मध्यरात्र कधीच उलटून गेली होती. झोपमोड करून दूरचित्रवाणी संचासमोर बसलेल्या येथील फुटबॉलप्रेमींच्या स्मरणात त्या सामन्यातील दोन दृश्ये राहिली असतील. पहिले, फिलिप लामला मागे टाकून फर्नांडो टोरेसने गोलरक्षक लेहमनच्या अंगावरून जाळ्यात धाडलेला चेंडू. दुसरे, सामना संपल्यावर खेळाडूंनी हवेत उडवलेला, सत्तरीला टेकलेला प्रशिक्षक. लुईस अरागोनेस हे त्या प्रशिक्षकाचे नाव. युरो करंडक जिंकणारा सर्वांत वयोवृद्ध प्रशिक्षक हा त्यांचा विक्रम आजही अबाधित आहे.

स्पेनचा त्याआधीचा मोठा करंडक १९६४ सालचा. मधल्या ४४ वर्षांत या देशाने उत्तमोत्तम खेळाडू घडवले, त्याच्या क्लबांनी युरोप गाजवला; राष्ट्रीय संघ मात्र प्रत्येक स्पर्धेत आशा निर्माण करून उपांत्यपूर्व फेरीच्या आसपास गळपटत राहिला. पुढे २०१० चा विश्वचषक आणि २०१२ चा युरो करंडकही स्पेननेच जिंकला. त्या सुवर्णयुगाचे श्रेय वाटताना झावी, इनिएस्टा, बार्सिलोनाची अकादमी आणि प्रशिक्षक व्हिसेंते देल बॉस्के यांची नावे आधी घेतली जातात. तथापि या खेळाडूंच्या हाती राष्ट्रीय संघ सोपवण्याचा निर्णय ज्या माणसाने घेतला, तो स्वतः त्या शैलीचा नव्हता. अरागोनेस यांच्या कारकिर्दीचे मर्म नेमके येथेच आहे.

मोठ्या बुटांचा नेमबाज

अरागोनेस यांचा जन्म २८ जुलै १९३८ चा, माद्रिदनजीकच्या होर्तालेझा या तेव्हाच्या गावातला. स्पेनमधील यादवी युद्ध तेव्हा अद्याप संपायचे होते. वयाच्या विशीत रेआल माद्रिदने त्यांना करारबद्ध केले खरे. पण डी स्टेफानोसारखे दिग्गज ज्या संघाच्या आघाडीवर होते, तेथे या तरुणाला पहिल्या संघातून एकही सामना खेळायला मिळाला नाही. उसनवारीवर लहान क्लबांकडून खेळत, पुढे ओव्हिएडो आणि बेटिस या संघांमधून नाव कमावत ते १९६४ मध्ये माद्रिदमध्ये परतले, ते शहरातील दुसऱ्या क्लबकडे म्हणजे अ‍ॅटलेटिको माद्रिदकडे. श्रीमंत आणि यशस्वी शेजाऱ्याच्या सावलीत वाढलेल्या या क्लबशी त्यांचे नाव मग कायमचे जोडले गेले.

खेळाडू म्हणून ते धावपटूच्या वेगाचे नव्हते. पेनल्टी क्षेत्राबाहेरून मारलेले जोरकस फटके आणि फ्री किकवरील हुकमत हे त्यांचे बळ. मोठ्या पावलांमुळे त्यांना ‘झापातोनेस’, म्हणजे ‘मोठ्या बुटांचा’, असे टोपणनाव पडले. अ‍ॅटलेटिकोसाठी त्यांनी १९६६, १९७० आणि १९७३ अशी तीन लीग विजेतेपदे आणि दोन राष्ट्रीय चषक जिंकले. १९६९-७० च्या हंगामात प्रत्येकी १६ गोल करणारे तिघे स्पॅनिश लीगचे संयुक्त सर्वाधिक गोल करणारे खेळाडू ठरले, त्यांत अरागोनेस होते. क्लबसाठी त्यांनी केलेल्या १७३ गोलांचा विक्रम जवळपास अर्धशतक टिकला. फ्रान्सच्या अंतोइन ग्रिझमनने जानेवारी २०२४ मध्ये तो मोडला.

ब्रुसेल्समधील ती सहा मिनिटे

त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध गोलने मात्र विजय मिळवून दिला नाही. १५ मे १९७४ रोजी ब्रुसेल्सच्या हायसेल स्टेडियममध्ये युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात अ‍ॅटलेटिकोची गाठ बायर्न म्युनिकशी पडली. निर्धारित वेळेत गोल झाला नाही. जादा वेळेतील ११४ व्या मिनिटाला पेनल्टी क्षेत्राच्या कडेवर फ्री किक मिळाली. ३५ वर्षांच्या अरागोनेस यांनी बचावभिंतीवरून चेंडू अलगद वळवला आणि गोलरक्षक सेप मायर जागेवरच उभा राहिला. युरोपचे अजिंक्यपद आता अवघ्या सहा मिनिटांच्या अंतरावर होते. शेवटच्या मिनिटाला बायर्नचा बचावपटू श्वार्झेनबेक चेंडू घेऊन पुढे सरसावला आणि दुरूनच मारलेला त्याचा फटका जाळ्यात शिरला. पेनल्टी शूटआऊटची पद्धत तेव्हा या अंतिम सामन्यासाठी नसल्याने दोन दिवसांनी सामना पुन्हा खेळवण्यात आला. बायर्नने तो ४-० असा एकतर्फी जिंकला.

या पराभवानंतर अ‍ॅटलेटिकोला ‘एल पुपास’, म्हणजे कायमचा दुर्दैवी, हे बिरुद चिकटले. अरागोनेस यांनी मात्र या दुर्दैवाचे कौतुक कधी करून घेतले नाही. जिंकणे, पुन्हा जिंकणे आणि त्यानंतरही जिंकणे एवढाच फुटबॉलचा अर्थ, असे ते पुढे खेळाडूंना सतत बजावत असत. सुंदर पराभवाचे मोल त्यांना ठाऊक होते. ते शून्य होते.

सहकाऱ्यांचा प्रशिक्षक

त्याच वर्षी, १९७४ च्या अखेरीस, क्लबने प्रशिक्षक बदलला आणि ही जबाबदारी थेट अरागोनेस यांच्यावर टाकली. कालपर्यंत ज्यांच्यासोबत खेळायचे त्यांनाच आता हुकूम द्यायचे होते. बायर्नने नकार दिल्यामुळे युरोपचा प्रतिनिधी म्हणून अ‍ॅटलेटिकोला आंतरखंडीय चषक खेळण्याची संधी मिळाली. १९७५ च्या एप्रिलमध्ये अर्जेंटिनाच्या इंडिपेंडिएंटेला माद्रिदमध्ये २-० असे हरवून, पहिल्या सामन्यातील एका गोलाची पिछाडी भरून काढत, अरागोनेस यांच्या संघाने तो चषक जिंकला. १९७६ मध्ये राष्ट्रीय चषक, १९७७ मध्ये लीग विजेतेपद आणि पुढच्या वेगवेगळ्या कालखंडांत १९८५ व १९९२ चे राष्ट्रीय चषक अशी भर पडत गेली. १९९२ च्या अंतिम सामन्यात तर रेआल माद्रिदला त्यांच्याच मैदानात २-० असे हरवले होते.

या सर्व संघांची शैली प्रतिआक्रमणाची होती. प्रतिस्पर्ध्याला पुढे येऊ द्यायचे, चेंडू हिसकावायचा आणि मोकळ्या जागेत वेगाने धाव घ्यायची. चेंडू आपल्याकडे किती वेळ राहिला, हा प्रश्न तेथे गौण होता. १९८७-८८ मध्ये ते बार्सिलोनाचे प्रशिक्षक होते. त्या हंगामात राष्ट्रीय चषक मिळाला. परंतु क्लब अध्यक्षांविरुद्ध खेळाडूंनी केलेल्या जाहीर बंडात अरागोनेस खेळाडूंच्या बाजूने बसले आणि हंगामाअखेर त्यांना जावे लागले. त्यांच्या जागी आले योहान क्रायफ. क्रायफ यांनी त्या क्लबमध्ये लहान पासांच्या खेळाची जी शिस्त रुजवली, तिच्यातूनच पुढे झावी आणि इनिएस्टा घडले. वीस वर्षांनी हेच दोघे अरागोनेस यांना त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा करंडक मिळवून देणार होते.

क्लबवरील निष्ठेचा दाखलाही येथे द्यायला हवा. २००१ मध्ये मायोर्का या छोट्या संघाला लीगमध्ये तिसऱ्या क्रमांकावर नेऊन त्यांनी चॅम्पियन्स लीगचे दार उघडून दिले होते. त्या दारातून आत न जाता ते दुसऱ्या श्रेणीत घसरलेल्या अ‍ॅटलेटिकोकडे परतले आणि एका हंगामात क्लबला पुन्हा पहिल्या श्रेणीत आणले. त्या संघात एक तरुण आघाडीवीर होता, फर्नांडो टोरेस.

‘फुरिया’चे ओझे

२००४ च्या युरो स्पर्धेत साखळी फेरीतच स्पेनचे आव्हान आटोपल्यावर अरागोनेस राष्ट्रीय प्रशिक्षक झाले. स्पॅनिश फुटबॉलची ओळख तेव्हा एका जुन्या शब्दाशी बांधलेली होती : ‘फुरिया’, म्हणजे त्वेष. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या संघाच्या धसमुसळ्या खेळापासून हे विशेषण रूढ झाले. छातीठोक धडक, हवेतील चेंडूसाठी झुंज आणि मागे न हटणारी वृत्ती म्हणजे स्पॅनिश खेळ, असे पिढ्यानपिढ्या सांगितले गेले. प्रत्यक्षात जर्मनी, इंग्लंड किंवा इटलीच्या खेळाडूंपुढे शरीरबळाच्या लढाईत स्पेनचा सरासरी खेळाडू कमी पडत असे. देश ज्या गुणाचा अभिमान बाळगत होता, तो त्याच्या उत्तम खेळाडूंकडे मुळात नव्हताच.

अर्थात हे उत्तर अरागोनेस यांनाही पहिल्या दिवशी सापडले नव्हते. २००६ च्या विश्वचषकात बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात फ्रान्सने स्पेनला ३-१ असे हरवले. सप्टेंबरमध्ये उत्तर आयर्लंडने ३-२ असा धक्का दिला, ऑक्टोबरमध्ये स्वीडनने २-० असे नमवले. युरो पात्रताच धोक्यात आली. वृत्तपत्रांनी राजीनाम्याची मागणी लावून धरली. अशा वेळी बहुतेक प्रशिक्षक अनुभवी नावांच्या आश्रयाला जातात. अरागोनेस यांनी उलट केले. कर्णधार राऊल, तेव्हाचा स्पेनचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू, उत्तर आयर्लंडविरुद्धच्या सामन्यानंतर पुन्हा राष्ट्रीय संघात दिसला नाही. रेआल माद्रिदच्या पाठीराख्यांनी हे कधी माफ केले नाही. संघ मात्र यापुढे कोणा एका नावाभोवती फिरणार नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

झावी, इनिएस्टा, डेव्हिड सिल्वा, सेस्क फॅब्रेगास, सांती काझोर्ला हे सारे बुटके, हलके आणि चेंडूवर विलक्षण ताबा असणारे मध्यरक्षक एकत्र खेळवायचे, असा त्यांचा निर्णय होता. त्यामागील तर्क साधा होता. चेंडू जमिनीवर आणि आपल्या पायात राहिला, तर उंचीचा प्रश्न उरत नाही. प्रतिस्पर्धी चेंडूमागे धावून दमतो. आपला बचाव आपोआप सुरक्षित होतो, कारण ज्याच्याकडे चेंडू नाही तो गोल करू शकत नाही. या नाजूक रचनेला आधार म्हणून बचावफळीपुढे मार्कोस सेना हा ब्राझीलमध्ये जन्मलेला कणखर खेळाडू उभा केला गेला. पुढे टोरेस आणि डेव्हिड व्हिया होतेच. ऑक्टोबर २००७ मध्ये डेन्मार्कच्या आरहूसमध्ये सलग पंचवीसहून अधिक पासांनंतर सर्जिओ रामोसने केलेला गोल या नव्या खेळाचा जाहीरनामाच ठरला. प्रतिआक्रमणावर आयुष्य काढलेल्या माणसाने साठी ओलांडल्यावर आपल्या सवयी बाजूला ठेवल्या, कारण हाती असलेले खेळाडू दुसरेच काही सांगत होते.

न पुसलेला डाग

या कारकिर्दीचा एक भाग झाकून चालणार नाही. ऑक्टोबर २००४ मध्ये सरावादरम्यान होजे अँतोनिओ रेयेस या खेळाडूला चेतवताना अरागोनेस यांनी आर्सेनलमधील त्याचा सहकारी थिएरी आँरी याच्याविषयी वर्णद्वेषी शब्द वापरले. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याने ते टिपले. पुढच्याच महिन्यात माद्रिदमध्ये इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षकांनी कृष्णवर्णीय खेळाडूंची हुर्यो उडवली आणि प्रकरण युरोपभर गाजले. स्पॅनिश महासंघाने त्यांना केवळ तीन हजार युरोंचा दंड केला. आपण वर्णद्वेषी नाही, हे ते सांगत राहिले. परंतु राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या तोंडी आलेल्या शब्दाचे वजन हेतूवरून ठरत नाही, आणि महासंघाच्या सौम्यपणाने तो प्रश्न मिटवला नाही, नुसता पुढे ढकलला. स्पेनच्या मैदानांवर तो आजही वारंवार उभा राहतो.

२२ जूनची भीती

युरो २००८ मध्ये रशिया, स्वीडन आणि ग्रीस यांना हरवून स्पेन उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. समोर विश्वविजेता इटली आणि तारीख २२ जून. १९८६ मध्ये बेल्जियम, १९९६ मध्ये इंग्लंड आणि २००२ मध्ये दक्षिण कोरिया, या तिन्ही संघांनी स्पेनला उपांत्यपूर्व फेरीत पेनल्टी शूटआऊटवर बाहेर काढले होते ते याच तारखेला. १२० मिनिटांनंतर ०-० अशी बरोबरी झाली आणि पुन्हा शूटआऊटची वेळ आली. या खेपेस गोलरक्षक इकर कॅसियासने दोन फटके अडवले आणि २१ वर्षांच्या फॅब्रेगासने निर्णायक फटका मारला. स्पॅनिश खेळाडूंच्या मनातील गाठ त्या रात्री सुटली. उपांत्य फेरीत रशियाचा ३-० असा पाडाव झाला आणि जखमी व्हियाविना खेळलेला अंतिम सामनाही स्पेनने जिंकला.

स्पर्धेनंतर पद सोडायचे, हे आधीच ठरलेले होते. विजयी प्रशिक्षक माद्रिदला परतला तो पदमुक्त होऊनच. पुढे एक हंगाम त्यांनी तुर्कस्तानच्या फेनरबाचे क्लबला प्रशिक्षण दिले. देल बॉस्के यांनी हाती आलेली घडी विस्कटू दिली नाही. २००७ च्या फेब्रुवारीपासून जून २००९ पर्यंत, दोघांच्या कारकिर्दीत मिळून, स्पेन सलग ३५ सामने अपराजित राहिला.

१ फेब्रुवारी २०१४ रोजी रक्ताच्या कर्करोगाने अरागोनेस यांचे निधन झाले. त्याच मे महिन्यात अ‍ॅटलेटिकोने लीग जिंकली आणि आठवड्याभरात लिस्बनमध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात, ९३ व्या मिनिटापर्यंत आघाडीवर राहून, रेआल माद्रिदकडून तो संघ हरला. १९७४ ची आठवण होणे अपरिहार्य होते.

‘होर्तालेझाचा शहाणा’ या नावाने स्पेन त्यांना ओळखतो. हा शहाणपणा कोणत्या एका डावपेचात शोधू नये. लहान पासांचा खेळ त्यांच्याआधी होता आणि पुढे इतर संघांनी त्यावर मातही केली. २०२४ चा युरो करंडक जिंकणारा स्पेनचा संघ तर बगलेवरून वेगाने धावणाऱ्या तरुणांच्या बळावर जिंकला. देशाविषयीच्या अभिमानाच्या कथा बाजूला ठेवून समोरच्या खेळाडूंकडे नीट पाहणे आणि जे दिसेल त्यानुसार स्वतःला बदलणे, हे त्यांनी करून दाखवले. चार दशके स्पेनकडे कमतरता होती ती याच गोष्टीची.